आधी क्रियापद, मग आशय : जुनी कविता, नाटक आणि कादंबरी उलगडण्याची रीत

गाईडांतला क्रम ठरलेला असतो : आधी मध्यवर्ती कल्पना, मग पात्रांचे स्वभाव आणि उरल्या जागेत दोन मार्कांचे व्याकरण. हा क्रम उलटा करा. व्याकरण आधी पाहिले नाही, तर मध्यवर्ती कल्पना हमखास चुकते, आणि चुकली आहे हे लिहिणाऱ्याला कळतही नाही.

पुरावा म्हणून केशवसुतांची ‘तुतारी’ घ्या. १८९३ ची, मुंबईत लिहिलेली. या कवितेवरच्या उत्तरांत ‘कवी तुतारी फुंकून समाजाला जागे करतो’ असे वाक्य फार वेळा येते. आता पहिले कडवे पाहा :

एक तुतारी द्या मज आणुनि
फुंकिन मी जी स्वप्राणाने,
भेदुनि टाकिन सगळी गगने
दीर्घ जिच्या त्या किंकाळीने
अशी तुतारी द्या मजलागुनि.

इथे कोणीही काहीही फुंकत नाही. ‘फुंकिन’ आणि ‘टाकिन’ ही भविष्यकाळाची प्रथमपुरुषी रूपे आहेत, आजच्या लेखनात फुंकीन, टाकीन. ‘द्या’ हा आज्ञार्थ. म्हणजे वाद्य अजून हातातच आलेले नाही, ते कोणीतरी आणून द्यायचे आहे. कोणी, ते सांगितलेले नाही. पाच ओळींत मागणी दोनदा येते आणि कडवे सुरू होते तसेच मागणीवर संपते. कवितेतला जोर या ‘अजून नाही’मधून येतो. ‘फुंकतो’ लिहिले की तो जोर तिथेच विरला. क्रियापदांचा काळ आणि अर्थ (आज्ञार्थ, विध्यर्थ वगैरे) तपासायला दोन मिनिटे लागली असती.

म्हणून पुढची रीत : प्रत मिळवणे, अन्वय लावणे, रूपे ओळखणे, मग पात्रे, आणि सर्वांत शेवटी आशयसूत्र.

प्रत कोणती घ्यायची

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण अर्ध्या चुका इथेच जन्मतात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम सरकारने १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. त्यानंतर छापलेल्या जुन्या पुस्तकांत अनेकदा दोन गोष्टी बदललेल्या असतात : न उच्चारले जाणारे अनुस्वार गेलेले असतात आणि शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व इकार दीर्घ झालेला असतो. गद्यात यामुळे फारसे बिघडत नाही. कवितेत आणि जुन्या मराठीत मात्र बिघडते. पसायदानातले ‘सत्कर्मीं रती वाढो’ अनुस्वाराशिवाय छापले की ‘सत्कर्मी’ हे ‘सत्कर्म करणारा’ असे विशेषण वाटू लागते. तो अनुस्वार सप्तमीचा होता : सत्कर्मामध्ये रती वाढो.

तेव्हा काम करताना दोन प्रती जवळ ठेवा, एक आजची आणि एक १९६२ पूर्वीची. मुंबईत जुन्या प्रतीसाठी पहिली चक्कर दादर पूर्वेला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात मारावी. ही संस्था १८९८ ची आहे. एकोणिसाव्या शतकातले काही हवे असेल, तर फोर्टातल्या टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आहे. सभासदत्वाचे नियम आणि वेळा आधी फोन करून विचारा. लोकल बदलून तिथवर जावे आणि दाराला कुलूप दिसावे, असे होऊ देऊ नका. घरबसल्या बघायचे तर मराठी विकिस्रोतावर हक्कमुक्त पुस्तके आहेत. (लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक हक्कमुक्त होते.) तिथे टंकलेल्या मजकुराशेजारी मूळ पानाचे चित्र असेल, तर विश्वास चित्रावर ठेवा.

मग झेरॉक्स काढा, कागदाच्या एकाच बाजूला. कविता असेल तर ती हाताने उतरवून घ्या, दर ओळीखाली दोन ओळी रिकाम्या सोडून. उतरवताना हात जिथे अडखळतो तिथे हटकून काहीतरी असते. ओळींना आकडे घाला, शेवटी त्यांचा उपयोग आहे.

अन्वय : ओळ सरळ करणे

मराठीत शब्द कुठेही सरकतात, कारण त्यांचे नाते प्रत्यय सांभाळतात. कवी या सोयीचा पुरेपूर फायदा घेतो. वाचणाऱ्याने प्रत्ययांचा माग काढत शब्द पुन्हा गद्याच्या क्रमाने लावायचे. मर्ढेकरांच्या या ओळी मुंबईच्याच :

न्हालेल्या जणु गर्भवतीच्या
सोज्वळ मोहकतेने बंदर
मुंबापुरिचे उजळित येई
माघामधली प्रभात सुंदर

घाईत वाचले की ‘मुंबईचे बंदर गर्भवतीसारखे सोज्वळ दिसते’ असा अर्थ घेतला जातो. तो चूक आहे. पहिला प्रश्न : क्रियापद कोणते? ‘येई’, सोबत ‘उजळित’. कोण येई? ‘मुंबापुरिचे’ हे नपुंसकलिंगी एकवचन, ते पुढच्या ओळीतल्या ‘प्रभात’ला लागू शकत नाही, कारण प्रभात इथे स्त्रीलिंगी आहे, ‘माघामधली’तली ‘ली’ ते सांगते. मग ‘मुंबापुरिचे’ मागच्या ओळीतल्या ‘बंदर’ला जाऊन चिकटते आणि बंदर हे ‘उजळित’चे कर्म ठरते. कर्ता उरला प्रभात. सरळ वाक्य असे : माघामधली सुंदर प्रभात, जणू न्हालेल्या गर्भवतीच्या सोज्वळ मोहकतेने, मुंबापुरीचे बंदर उजळीत येई. उपमा पहाटेला आहे, बंदराला नाही. शिवाय कर्ता चौथ्या ओळीपर्यंत लांबवला आहे. आधी उजेडाची जात कळते, मग उजेड कशावर पडतो ते कळते, आणि कोण आले ते सगळ्यांत शेवटी. पहाट अशीच तर होते.

अन्वयाची दुसरी किल्ली म्हणजे सामान्यरूप, म्हणजे विभक्तीचा प्रत्यय लागताना होणारे शब्दाचे बदललेले रूप. त्याच कवीची ‘पिपात मेले ओल्या उंदिर’ ही ओळ. ‘ओल्या’ शेजारी ‘उंदिर’ आहे म्हणून ‘ओले उंदीर’ असा अर्थ लावला तर रूप आडवे येते. उंदरांना ‘ओले’ लागले असते. ‘ओल्या’ हे सामान्यरूप विभक्तीचा प्रत्यय लागलेल्या नामामागेच येते, आणि असे नाम ओळीत एकच आहे : पिपात. ओल्या पिपात उंदीर मेले. पण काम इथेच थांबवू नका. व्याकरण ‘ओल्या’ला पिंपाकडे पाठवते, कान त्याला उंदराशेजारी ऐकतो. ती ओल दोघांनाही लागते. अशी जागा सापडली की पानाच्या समासात खूण करा; पुढे लिहिताना हीच कामाला येते.

अन्वय लिहून काढायचा, मनात लावायचा नाही. मनात लावलेला अन्वय अडचणीच्या शब्दावरून अलगद उडी मारून जातो.

प्रयोग, आणि इंग्रजीतून आलेला एक घोटाळा

इंग्रजी माध्यमातून आलेली मुले ‘कर्मणी’ म्हणजे ‘पॅसिव्ह’ असे समीकरण घेऊन येतात आणि मग लिहितात, ‘लेखकाने कर्मणी प्रयोग वापरून नायिकेची अगतिकता दाखवली आहे.’ मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात गेले की बहुतेक वेळा कर्मणीच होते. ‘तिने दार उघडले’ हा कर्मणी प्रयोग आहे आणि त्यात तिळभरही अगतिकता नाही. अपवाद ‘ती पाणी प्याली’, ‘मी धडा शिकलो’ अशा मोजक्या धातूंचे. लक्ष द्यायला हवे ते ‘तिच्याकडून दार उघडले गेले’ किंवा ‘दार उघडले गेले’ अशा रचनेकडे, म्हणजे कर्ता ‘कडून’मागे सारला आहे किंवा गाळूनच टाकला आहे तिकडे. जुन्या गद्यात अशी वाक्ये कमी सापडतात. सापडली तर कोणाचे नाव लपवले आहे ते विचारा.

कर्मणी की भावे, हे ठरत नसेल तर कर्माचे लिंग बदलून बघा. पसायदानाची पहिली ओवी :

आतां विश्वात्मकें देवें । येणें वाग्यज्ञें तोषावें ।
तोषोनि मज द्यावें । पसायदान हें ॥

‘द्यावें पसायदान’. पसायदानाच्या जागी ‘भेट’ ठेवा : ‘द्यावी भेट’. क्रियापद हलले, म्हणजे ते कर्माच्या ताब्यात होते, म्हणून कर्मणी. ‘देवें तोषावें’. देवाच्या जागी ‘देवीनें’ ठेवा, तरी ‘तोषावें’च. कर्म नाही आणि कर्त्याने क्रियापद हलत नाही, म्हणून भावे. दोन्ही ठिकाणी विध्यर्थ आहे आणि कर्ता तृतीयेत आहे. ‘देवा, तू दे’ असा थेट हुकूम इथे नाही, ‘देवाने द्यावे’ अशी अदबीची रचना आहे. मागणारा केवढ्या अंतरावर उभा आहे ते प्रयोगातून दिसते.

याच ओवीत आणखी दोन खड्डे आहेत. ‘येणें’ हे ‘येणे-जाणे’तले क्रियापद नाही. ते ‘हा’ या सर्वनामाचे तृतीयेचे रूप : याने, या वाग्यज्ञाने. आणि ‘देवें’, ‘वाग्यज्ञें’ या दोन्ही तृतीया असल्या तरी त्यांची कामे वेगळी आहेत. देव हा तोषणारा, वाग्यज्ञ हे तोषण्याचे साधन. विभक्ती ओळखून थांबायचे नाही, कारकार्थ, म्हणजे त्या शब्दाचे वाक्यातले काम, लिहायचा.

पुढच्या ओवीत ‘जे खळांची व्यंकटी सांडो’. इथला ‘जे’ म्हणजे ‘जे लोक’ नव्हे, तो ‘की’ या अर्थाचा आहे : मागणे असे, की… ‘सांडो’चा कर्ता कोण? ‘खळ’ षष्ठीत आहेत, ते कर्ता होऊ शकत नाहीत. कर्ता ‘व्यंकटी’, म्हणजे वाकडेपणा. गळून पडायचा तो वाकडेपणा. माणसे राहायची आहेत, कारण पुढच्याच चरणात ‘तयां’ म्हणून त्याच माणसांची सत्कर्मात रती वाढो असे मागितले आहे. संपूर्ण पसायदानाचा आशय एका षष्ठीच्या प्रत्ययावर उभा आहे, असे म्हटले तरी चालेल.

जुन्या शब्दांसाठी आजचा शालेय कोश उघडू नका. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७, मुंबई) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ पासून पुढे) हे दोन हाताशी असावेत. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. व्याकरणाच्या शंकेला मोरो केशव दामल्यांचे १९११ चे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’. ते जाडजूड आहे, सलग वाचायचे नसते, अनुक्रमणिका धरून हवे तिथे शिरायचे असते.

मात्रा मोजणे हे तपासणीचे काम

वृत्त ओळखून त्याचे नाव लिहिण्यात फारसे काही नाही. मात्रा मोजण्याचा खरा फायदा असा की प्रतीतली चूक सापडते आणि कवीने शब्द का मोडला ते कळते. ‘तुतारी’च्या ओळी सोळा मात्रांच्या आहेत, आठ-आठच्या दोन तुकड्यांत. ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन. एक (३) तुतारी (५), आठ झाले. द्या (२) मज (२) आणुनि (४), आठ. आता नव्या वळणाने ‘आणुनी’ छापा : सतरा. मोजणी फसली की आधी कवीला दोष देऊ नका, छपाई तपासा.

जोडाक्षरापाशी सगळे अडतात. नियम असा सांगितला जातो की जोडाक्षराच्या मागचे ऱ्हस्व अक्षर गुरू होते. ‘स्वप्राणाने’त तसेच घडते : ‘प्रा’चा आघात ‘स्व’वर येतो, ‘स्व’च्या दोन मात्रा, शब्दाच्या आठ. हाच नियम डोळे मिटून ‘दीर्घ जिच्या त्या किंकाळीने’ला लावला तर ‘जि’ गुरू होतो आणि ओळ सतराची भरते. ‘जिच्या’ मोठ्याने म्हणून बघा. ‘च्या’चा धक्का मागे बसत नाही. धक्का नाही तर ‘जि’ लघूच : ३ + ३ + २ + ८, सोळा. आघात कानाने ठरवायचा असतो, लिपीने नाही. ‘ल्या’, ‘च्या’, ‘ह्या’ असे मराठी यकारान्त जोड बहुधा निरुपद्रवी असतात. संस्कृत शब्दांतले जोड बहुधा आघात करतात.

आता मर्ढेकरांची ‘पिपात मेले ओल्या उंदिर’ मोजा. तीही सोळाच भरते. ‘उंदीर’ असे शुद्ध लिहिले असते तर सतरा. तुतारीची उमेद ज्या ठेक्यावर चालली, त्याच ठेक्यावर अर्ध्या शतकानंतर मेलेले उंदीर आले. यावर एक चांगला परिच्छेद होऊ शकतो. वृत्ताचे नुसते नाव लिहिणाऱ्याला तो सापडणार नाही.

पात्र : विशेषणे काढून टाका

‘सोशीक’, ‘बाणेदार’, ‘दुष्ट’, ‘भोळा’ ही विशेषणे पहिल्या वाचनात वहीत येऊच देऊ नका. एका पात्राला एक दुपान द्या आणि चार रकाने आखा : काय करते, काय बोलते, इतर त्याच्याबद्दल काय बोलतात, निवेदक काय सांगतो. प्रत्येक नोंदीपुढे पान क्रमांक. लांबलचक कादंबरीत सगळे भरत बसू नका. सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशी प्रत्येकी आठ-दहा पाने पुरतात, मात्र ती शब्दन् शब्द वाचायची. नाटकात निवेदक नसतो, तिथे चौथ्या रकान्यात रंगसूचना येतात.

पहिला आणि तिसरा रकाना जिथे जुळत नाहीत तिथे पात्र राहते. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त (१९१९) ‘दारूने सुधाकराचा नाश केला’ हे सगळेच लिहितात. नोंदी क्रमाने लावा. दारूआधी कोर्टातला अपमान आहे, काही काळासाठी गेलेली वकिलीची सनद आहे, आणि सल सहन न होणारा स्वाभिमान आहे. दारूची चटक लावणारा तळीराम त्या फटीतून आत शिरतो. प्याला हे कारण म्हणायचे की परिणाम, हा प्रश्न नोंदींच्या क्रमातूनच उभा राहतो. त्याच्या बायकोचे, सिंधूचेही तसेच. तिला ‘सोशीक’ म्हणून मोकळे होणाऱ्याने ती काय काय करते याची यादी करावी. दळण दळून घर चालवणाऱ्या बाईच्या पहिल्या रकान्यात बरीच क्रियापदे जमा होतात. आणि नाटकाच्या नावातला ‘च’ विसरू नका. प्रत्येक प्याला पिणाऱ्याला ‘एकच’ वाटत असतो.

पाचवा एक रकाना असतो, तो मराठी पुस्तकांसाठी खास : संबोधनाचा. कोण कोणाला तू म्हणते, कोण तुम्ही, कोण आपण, आणि ते कधी बदलते. त्या काळच्या कादंबऱ्या-नाटकांतली बायको नवऱ्याला ‘इकडून येणं झालं’, ‘तिकडून सांगणं झालं’ असे म्हणते. बोलण्यातून नवऱ्याचे नाव गेले, सर्वनाम गेले आणि व्याकरणातला कर्ताही गेला, उरली एक दिशा. ‘इकडून’ला ‘ते’ असे सरळ करून टाकणारा सारांश नाते पुसून टाकतो. याउलट एखाद्या प्रसंगी तीच बाई ‘तुम्ही’ म्हणाली, तर पान दुमडून ठेवा. काहीतरी तुटले आहे किंवा जुळले आहे.

प्रथमपुरुषी कादंबरीत ‘मी’ हे एक पात्र नसते, दोन असतात : जिच्यावर गोष्ट गुदरते ती आणि जी नंतर ती सांगते ती. हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ची यमू अशी दोघी आहे. ‘त्या वेळी’, ‘आता’, ‘तेव्हा मला काय ठाऊक’ अशा शब्दांखाली रेघ ओढत गेले की दोघींच्या आवाजांतले अंतर दिसते. लहान यमूचे भाबडेपण वेगळे आणि मोठ्या यमूचा उपरोध वेगळा; दोन्ही एकाच खात्यात टाकले तर ‘यमू भोळी आहे’ आणि ‘यमू धीट आहे’ अशी एकमेकांना खोडणारी वाक्ये एका परिच्छेदात येऊन बसतात.

आशयसूत्र

विषय एका शब्दात सांगता येतो : बालविवाह. आशयसूत्र हे वाक्य असते, त्यात क्रियापद असते. कस साधा आहे. तुमचे वाक्य त्याच काळातल्या दुसऱ्या पुस्तकाला जसेच्या तसे लागू पडत असेल, तर तो अजून विषयच आहे. ‘त्या काळच्या स्त्रियांची दुःखे’ हे आपट्यांच्या कादंबरीलाही बसते आणि देवलांच्या ‘शारदा’ नाटकालाही (१८९९). म्हणून दोन्हींसाठी निरुपयोगी.

कादंबरीच्या नावाचा अन्वय लावा. ‘पण’ने वाक्य सुरू होते, म्हणजे आधीचे अर्धे वाक्य गळले आहे, कोणीतरी काहीतरी बोलून झाले आहे. ‘घेतो’ला कर्म नाही. काय लक्षात घेतो? सांगितलेले नाही. कर्ता ‘कोण’, आणि उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न. दुःख आहे यापेक्षा दुःख सांगूनही त्याची नोंद होत नाही, इकडे बोट जाते. ‘शारदा’त ‘म्हातारा इतुका न, अवघें पाऊणशें वयमान’ या पदात ‘अवघें’ म्हणजे ‘फक्त’. पंचाहत्तर हा आकडा आणि ‘फक्त’ हा शब्द शेजारी बसवला की उपरोध तयार. पण नाटकाचा कणा शोधायचा तर म्हाताऱ्या भुजंगनाथाचे शारदेशी लग्न मोडते कशावरून ते पाहा. ते वयाच्या अंतरावरून मोडत नाही, सगोत्राच्या मुद्द्यावरून मोडते. लग्न थांबवायला समाजाकडे नियम होता, फक्त तो मुलीच्या बाजूचा नव्हता. हे वाक्य आपट्यांच्या कादंबरीला लागणार नाही. मग ते आशयसूत्र म्हणून चालेल.

कवितेसाठी बालकवींच्या ‘औदुंबर’पेक्षा चांगला सराव नाही. आठच ओळी आहेत. क्रियापदे तेवढी काढून एका रांगेत लिहा : झरा वाहतो, गर्दी लागली, पायवाट पडे, चालली, काळिमा पसरी, आणि शेवटी ‘पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर’. झरा आणि वाट चालती आहेत, काळिमा पसरता आहे. बसलेला एकच, तो कवितेच्या अगदी शेवटच्या शब्दात येतो. मग रंग काढा : हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. हिरव्यापासून काळ्यापर्यंत उतरण आहे. इथे बरेच जण ‘मृत्यू’ असे लिहून पेन खाली ठेवतात. थांबा, काळिम्यामागचे विशेषण वाचा. तो ‘गोड’ आहे. ज्या अर्थाला ‘गोड’ हा शब्द अडचणीचा वाटतो तो अर्थ पुरा नाही, तो सोडा किंवा वाढवा. प्रतीकाचे नाव देण्याची घाई ही या कवितेवरची सर्वांत जुनी खोड.

काळाची पट्टी

कागदावर एक आडवी रेघ ओढा आणि वर पुस्तके, खाली कायदे व घटना मांडा. १८५६ विधवाविवाहाचा कायदा, १८५७ बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’. १८८४ पासून मुंबई हायकोर्टात गाजलेला रखमाबाईंचा खटला (लहानपणी लग्न झालेल्या नवऱ्याकडे नांदायला त्यांनी दिलेल्या नकाराचा). १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू झाले, त्यातूनच आपट्यांची कादंबरी क्रमशः आली. १८९१ संमतिवयाचा कायदा. एवढ्यावरून ‘कायद्यामुळे कादंबरी लिहिली’ असे लिहू नका, फक्त वाचकाच्या घरात तेव्हा कशावर वाद चालू असेल ते समजून घ्या. आणि एक नेहमीची गफलत : १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा ‘शारदा’ नाटकाच्या नावाचा नाही. तो हरबिलास सारडांचा, म्हणून सारडा कायदा. नाटक तीस वर्षे आधीचे आहे.

लिहायला बसल्यावर

दहावीच्या रसग्रहणाला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन कप्पे असतात. परीक्षेपुरते ते पाळा, पण कच्चे काम वरच्या क्रमानेच करा. तिसऱ्या कप्प्यातला माल पहिल्यात वापरता येतो. आठ ओळींच्या कवितेला तीन बैठका धरा, एकेक तासाच्या, मध्ये किमान एक रात्र जाऊ द्या. लोकलमध्ये वाचन होते, अन्वय होत नाही. उभ्याने तर नाहीच.

दर परिच्छेदाला एकच मुद्दा, आणि त्याला तीन गोष्टी जोडा : ओळ, त्या ओळीतले रूप, त्या रूपाने अर्थात पडलेला फरक. ‘कवीने सुंदर शब्दांत मुंबईचे वर्णन केले आहे’ या वाक्यात तिन्हींपैकी एकही नाही. तेच असे लिहिता येते :

‘पहिल्या तीन ओळींत कर्ता सापडत नाही. “मुंबापुरिचे” हे नपुंसकलिंगी रूप “बंदर”ला कर्माच्या जागी बसवते आणि “माघामधली” या स्त्रीलिंगी रूपामागून चौथ्या ओळीत “प्रभात” येते. वाचकाला आधी उजेड दिसतो, उजेड आणणारी नंतर.’

तीसेक शब्द झाले. यात ‘सुंदर’ हा शब्द लेखकाचा म्हणून एकदाही आलेला नाही. तो कवितेच्या चौथ्या ओळीत आहे आणि तिथेच बरा. पुरा मसुदा झाला की समासात प्रत्येक वाक्यासमोर ओळीचा किंवा पानाचा आकडा टाका. ज्या वाक्यासमोर आकडा टाकता येत नाही त्यावर काट मारा.